खाटेला खिळलेली पाठ : ‘पडून राहा’ या आज्ञेचा इतिहास

पाठीत उसण भरली, कंबर धरली, की एकेकाळी घरोघरी ठरलेली व्यवस्था सुरू होई. गादी काढून पलंगावर लाकडी फळी घालायची, रुग्णाला तिच्यावर उताणे निजवायचे आणि तीन आठवडे उठू द्यायचे नाही. रुग्णालयात दाखल व्हावे लागले तर पायांना पट्टे बांधून पलंगाच्या कडेवरून वजने सोडली जात. दुखणे मानेचे असेल तर गळ्याभोवती पट्टा, आणि तोही महिनोन्‌महिने.

ही आज्ञा इतक्या अधिकारवाणीने दिली जाई की ती धन्वंतरीच्या काळापासून चालत आली असावी असे वाटावे. प्रत्यक्षात तिचे वय जेमतेम एकशे साठ वर्षांचे. ती जन्मली एका वेगळ्याच रोगासाठी, वाढली रेल्वे आणि महायुद्धाच्या छायेत, आणि विसाव्या शतकाच्या अखेरीस तिचा पाडाव झाला तो साध्यासुध्या मोजदादीने. हा धागा त्या आज्ञेच्या उदयास्ताचा; आणि तिच्या जागी शस्त्रक्रियेवाचून पाठ-मान सांभाळण्याचे जे मार्ग आले, त्यांचाही.

वेदना मात्र पुरातन आहे. इजिप्तमधील लक्सर येथे १८६२ साली एडविन स्मिथ या अमेरिकन व्यापाऱ्याने एक पपायरस विकत घेतला. तो इसवी सनापूर्वी सुमारे १६०० च्या काळातला, आणि त्यातील मजकूर त्याहूनही जुना मानला जातो. त्यात ४८ रुग्णांची क्रमवार वर्णने आहेत. अठ्ठेचाळिसावा रुग्ण पाठीचा मणका मुरगळलेला. वैद्याने त्याला पाय लांब करून पुन्हा जवळ घ्यायला सांगावे. तो ते लांब करतो, पण कळ आल्याने लगेच आखडतो, असे निदान दिले आहे. मग उपचार : त्याला पाठीवर निजवावे, आणि... इथे लेखनिकाची लेखणी वाक्याच्या मध्यावर थांबली आहे. पाठदुखीवर नेमके काय करावे हे सांगण्याच्या ऐन क्षणी पोथी संपावी, हा इतिहासाचा खट्याळपणाच म्हणायचा.

आपल्याकडे चरकसंहितेत ‘गृध्रसी’ हा वातव्याधी वर्णिला आहे. नितंबापासून सुरू होऊन कंबर, मांडी, गुडघा, पोटरी असा पावलापर्यंत उतरत जाणारा ठणका. गृध्र म्हणजे गिधाड; रुग्णाची चाल त्या पक्ष्यासारखी होते म्हणून हे नाव, असा अर्थ सहसा लावला जातो. उपचार स्नेहन, स्वेदन, बस्ती, शिरावेध आणि डाग देण्याचे. ग्रीकांची तऱ्हा निराळी. हिपॉक्रेटिसच्या नावावरील ग्रंथांत कुबड आलेल्या माणसाला शिडीला बांधून, शिडी उंचावरून आदळण्याची प्रथा सांगितली आहे. मात्र ग्रंथकार स्वतःच बजावतो की हा प्रकार बहुधा जमावाला तोंडात बोट घालायला लावण्यासाठी भोंदू लोक करतात. ताण देण्याची फळी मात्र त्याला मान्य होती. पलंगाला वजने लटकवण्याच्या रिवाजाची ही दूरची पणजी. १७६४ साली नेपल्सच्या दोमेनिको कोतुन्यो याने पायात उतरणारी कळ सांध्याची नसून मज्जातंतूची असते हे दाखवून सायटिकेचा पहिला स्वतंत्र ग्रंथ लिहिला.

या साऱ्यात एक गोष्ट ठळकपणे जाणवते. पाठ दुखते ती वाताने, थंडीने, ओलाव्याने, असा समज सर्वत्र होता. युरोपात तिला संधिवाताचे भावंड मानीत, मराठी घरांत ‘अंगात वात शिरला’ म्हणत. पाठदुखी म्हणजे इजा, पाठीत काहीतरी मोडले, हा विचार फारसा कोणाच्या मनात नव्हता. शेतकरी, हमाल, विणकर यांची कंबर दुखे, शेक घेतला जाई, आणि काम चालू राही. ते सुखाचे दिवस होते असे अजिबात नाही. परंतु केवळ पाठ दुखते म्हणून माणूस वर्षानुवर्षे खाटेला खिळला, हे दृश्य दुर्मीळ होते.

ते बदलले एकोणिसाव्या शतकात, दोन दिशांनी.

पहिली दिशा रेल्वेची. ब्रिटनमध्ये आगगाड्या धावू लागल्या तशा त्या एकमेकींवर आदळूही लागल्या. अपघातातून उठून, कपडे झटकून घरी गेलेला प्रवासी काही दिवसांनी पाठदुखी, थकवा, निद्रानाश यांची तक्रार घेऊन न्यायालयात उभा राही. अंगावर जखम नाही, हाड मोडलेले नाही. मग नुकसानभरपाई कशाची? लंडनचे शल्यविशारद जॉन एरिक एरिक्सन यांनी १८६६ साली या विषयावरील व्याख्याने ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली आणि सांगितले की हादऱ्याने मज्जारज्जूलाच अदृश्य इजा होत असावी. ‘रेल्वे स्पाइन’ हा शब्द प्रचारात आला आणि वकिलांच्या हाती आयते शस्त्र पडले. १८८३ साली हर्बर्ट पेज यांनी प्रत्युत्तर दिले : इजा मज्जारज्जूची नव्हे, भयाचा धक्काच मुख्य. पेज हे लंडन अँड नॉर्थ वेस्टर्न रेल्वे कंपनीचे शल्यविशारद होते, हे येथे नोंदवले पाहिजे. दोघांच्याही म्हणण्यात सत्याचा अंश होता. पण वाद मिटण्यापूर्वीच एक कल्पना समाजमनात रुजली : पाठदुखी म्हणजे पाठीला झालेली इजा, आणि कण्याची इजा म्हणजे भयंकर गोष्ट.

दुसरी दिशा विश्रांतीची. लंडनच्या गाईज रुग्णालयातील जॉन हिल्टन यांनी १८६० ते १८६२ या काळात रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्समध्ये एक व्याख्यानमाला दिली. १८६३ साली तिचे पुस्तक झाले आणि पुढे ‘रेस्ट अँड पेन’ या नावाने ते शल्यवैद्यांच्या अनेक पिढ्यांनी वाचले. वेदना ही निसर्गाने दिलेली थांबण्याची खूण आहे; दुखरा भाग निश्चल ठेवला की निसर्ग आपले दुरुस्तीचे काम करतो, हे त्यांचे सूत्र.

हे सूत्र चुकीचे होते काय? त्या काळाच्या रुग्णशय्येजवळ उभे राहून पाहिले तर नाही. हिल्टन यांच्यासमोर येणाऱ्या कण्याच्या गंभीर रुग्णांत क्षयाचे रुग्ण पुष्कळ असत. क्षयाने मणका पोखरला की तो ढासळे, कुबड येई, पाय लुळे पडत. क्षयाचा जंतू रॉबर्ट कॉख यांना सापडला १८८२ साली आणि त्यावर खरे औषध आले १९४० च्या दशकात. तोवर अशा माणसाला महिनोन्‌महिने निश्चल ठेवण्यापलीकडे हाती काही नव्हते, आणि त्याने अनेकांचे पाय वाचले.

लिव्हरपूलच्या ह्यू ओवेन थॉमस यांनी हे तत्त्व टोकाला नेले. हे मूळचे वेल्समधील हाडवैद्यांच्या घराण्यातले. वडील इव्हान थॉमस नावाजलेले हाडवैद्य. हाडवैद्यांची सारी विद्या सांधा हलवण्यात, बसवण्यात. मुलगा वैद्यकीची पदवी घेऊन आला आणि सक्तीच्या, अखंड, दीर्घ विश्रांतीचा प्रेषित झाला. मोडलेल्या आणि क्षयग्रस्त सांध्यांना जखडून ठेवण्यासाठी त्यांनी घडवलेला ‘थॉमस स्प्लिंट’ पहिल्या महायुद्धात त्यांचे भाचे रॉबर्ट जोन्स यांनी सैन्यात पोचवला आणि मांडीचे हाड मोडलेल्या असंख्य सैनिकांचे प्राण वाचले. त्या यशातून अस्थिशल्य ही स्वतंत्र शाखा म्हणून प्रतिष्ठित झाली. तिच्या शिदोरीत पहिले तत्त्व होते विश्रांती. शाखा वाढली, तिच्याकडे साधी कंबरदुखीही येऊ लागली, आणि क्षयाने पोखरलेल्या मणक्यासाठी तयार झालेला नियम उसण भरलेल्या पाठीला लावला गेला. या दोन दुखण्यांत साम्य एवढेच की दोन्ही पाठीत होतात.

एका मोठ्या माणसाने वेळीच सावध केले होते. सर जेम्स पॅजेट यांनी १८६७ साली, हाडवैद्य कोणते रुग्ण बरे करतात, या विषयावर व्याख्यान दिले. आपण निश्चल ठेवून आखडवलेले सांधे हे अडाणी लोक हलवून मोकळे करतात, तेव्हा त्यांच्यातले चांगले ते शिका, असा त्याचा रोख. व्यवसायबंधूंनी व्याख्यानाचे कौतुक केले आणि रुग्णांना निजवणे चालू ठेवले.

आता १९३४. बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल रुग्णालयातील विल्यम जेसन मिक्सटर आणि जोसेफ बार यांनी दाखवून दिले की मणक्याच्या पोकळीतून काढलेल्या ज्या गाठी आजवर कूर्चेचे अर्बुद समजल्या जात, त्यांपैकी अनेक म्हणजे दोन मणक्यांमधल्या चकतीचा फुटून बाहेर आलेला भाग होय. तो नसेवर दाब देतो आणि पायात कळ उतरते. ‘गादी सरकली’, ‘नस दबली’ या आज प्रत्येक रिक्षास्थानकावर ऐकू येणाऱ्या निदानाचा उगम इथे आहे. शोध खरा होता आणि मोलाचाही. पायात उतरणाऱ्या ठराविक कळेचे एक निश्चित कारण सापडले. पण मिळालेली किल्ली सर्व कुलपांना लावण्याचा मोह अनावर झाला, आणि नुसत्या कंबरदुखीतही गादीच दोषी धरली जाऊ लागली. रुग्णापुढे आता दोनच वाटा उरल्या : पडून राहा, नाहीतर शस्त्रक्रिया करा.

पडून राहण्याला विज्ञानाचा नवा आधारही मिळाला. स्वीडनमधील गॉथेनबर्गचे आल्फ नाकेमसन यांनी १९६० च्या दशकात जिवंत माणसांच्या चकतीत सुई घालून दाब मोजला. निजल्यावर तो सर्वांत कमी, उभे राहिल्यावर अधिक, बसल्यावर त्याहून अधिक. मोजमाप धाडसी आणि काटेकोर होते. (१९९९ साली जर्मनीतील उल्म येथे एका स्वयंसेवकावर पुन्हा मोजले, तेव्हा सैलावून बसण्याचा दाब उभे राहण्याहून किंचित कमीच भरला.) पण कमी दाब म्हणजे लवकर आराम, ही उडी मोजमापाने मारलेली नव्हती, ती वाचणाऱ्यांनी मारली. नाकेमसन स्वतः पुढे अतिरिक्त शस्त्रक्रियांचे कठोर टीकाकार झाले.

पडून राहण्याची किंमत काय, हे दरम्यान दुसरीकडे उघड होत होते. लंडनचे डॉक्टर रिचर्ड ॲशर यांनी १९४७ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये अंथरुणाच्या धोक्यांवर एक खुसखुशीत लेख लिहिला : रक्ताच्या गुठळ्या, आखडलेले स्नायू, ठिसूळ हाडे, खचलेले मन. १९६६ साली अमेरिकेतील डॅलस येथे तर पाच निरोगी, विशीतल्या तरुणांना तीन आठवडे खाटेवर ठेवण्यात आले. त्यांच्या शरीराची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता चतुर्थांशाहून अधिक घसरली. तीस वर्षांनी तेच पाचजण पन्नाशीत पुन्हा तपासले गेले. तीस वर्षांच्या वार्धक्याने जेवढी क्षमता नेली, त्याहून जास्त त्या तीन आठवड्यांच्या खाटेने नेली होती. पाठदुखीच्या रुग्णाला सांगितली जाई तीही तीनच आठवड्यांची विश्रांती.

आता काही बंडखोर. १९५६ साली न्यूझीलंडमधील वेलिंग्टन येथे रॉबिन मकेन्झी या तरुण फिजिओथेरपिस्टकडे एक रुग्ण आला; इतिहास त्याला ‘मिस्टर स्मिथ’ म्हणतो. कंबरेपासून पायात जाणारी कळ, आठवडे उलटूनही उतार नाही. मकेन्झींनी त्याला आतल्या खोलीत टेबलावर पालथे निजायला सांगितले. आधीच्या रुग्णासाठी टेबलाची डोक्याकडची बाजू उचललेली होती. रुग्ण तसाच पालथा पडला, त्याची कंबर मागच्या बाजूला वाकली. तत्कालीन शिकवणीनुसार ही भयंकर स्थिती. काही मिनिटांनी मकेन्झी आत आले तेव्हा धडधडत्या छातीने त्यांनी विचारपूस केली, तर रुग्ण म्हणाला की पायातली कळ गेली, आठवड्यांत एवढे बरे वाटले नव्हते. कळ पायातून वर सरकत कंबरेच्या मध्याशी गोळा होणे हे शुभलक्षण आहे, आणि ज्या हालचालीने ती गोळा होते तीच रुग्णाने स्वतः दिवसातून अनेकदा करावी, ही पद्धत त्यातून आकाराला आली.

कथा मनोहर आहे, म्हणूनच तिची तपासणीही सांगितली पाहिजे. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकन चाचणीत ३२१ रुग्णांपैकी काहींना मकेन्झी पद्धत, काहींना कायरोप्रॅक्टिकचे मणके बसवणे आणि काहींना केवळ एक माहितीपुस्तिका दिली. पुस्तिकेपेक्षा इतर दोन्ही गट थोडेसेच सरस ठरले. मकेन्झींचे खरे देणे बहुधा वेगळे होते : उपचार रुग्णाच्या हाती देणे.

दुसरा बंडखोर त्याहून रंगतदार. इटलीतील एका बेटावर जन्मलेला, अमेरिकेत आलेला जॉन बोनिका वैद्यकीच्या शिक्षणाचा खर्च कुस्ती खेळून भागवीत असे. मुखवटा चढवून, ‘मास्क्ड मार्व्हल’ या नावाने. दुसऱ्या महायुद्धात लष्करी रुग्णालयात भूलतज्ज्ञ म्हणून काम करताना त्यांनी पाहिले की जखम भरूनही सैनिकांची वेदना जात नाही, आणि एकट्या कोणत्याही शाखेला तिचे कोडे सुटत नाही. कुस्तीने त्यांचे स्वतःचेही सांधे खिळखिळे झाले होते. ते आयुष्यभर वेदनेसह जगले. अनेक शाखांचे वैद्य एका टेबलाभोवती बसवून एकच रुग्ण पाहायचा, ही वेदना-चिकित्सालयाची कल्पना त्यांची. १९५३ सालचा त्यांचा वेदना-व्यवस्थापनावरील ग्रंथ या विषयाचा पाया मानला जातो.

त्यांच्याच विद्यापीठात, सिएटलला, मानसशास्त्रज्ञ विल्बर्ट फोर्डाइस यांनी एक साधा प्रश्न विचारला. दुखले की थांबायचे, असे ठरवले तर शरीर काय शिकते? दुखणे म्हणजे विश्रांतीचे बक्षीस. त्यांनी क्रम उलटवला. आज रुग्ण कळ असह्य होण्यापूर्वी दहा मिनिटे चालू शकतो ना? मग उद्या आठच चालायची. बरे वाटो वा वाईट, आठच. हळूहळू नऊ, दहा, बारा. विश्रांती मिळेल ती ठरलेले काम झाल्यावर, दुखल्यावर नव्हे. गोळीही घड्याळाप्रमाणे. जुनाट पाठदुखीच्या पुनर्वसनात आज जी ‘क्रमशः वाढती हालचाल’ सांगितली जाते, तिचे बीज हे.

सत्तेला खरा हादरा बसला तो मात्र मोजदादीने. रुग्णांचे चिठ्ठ्या टाकून गट पाडायचे, एकाला एक उपचार, दुसऱ्याला दुसरा, आणि मग निमूटपणे निकाल मोजायचे. ऑस्लोचे हेन्रिक वेबर यांनी १९८३ साली सायटिकेच्या अशा १२६ रुग्णांचे निष्कर्ष मांडले, ज्यांना शस्त्रक्रिया करावी की नाही याबद्दल डॉक्टर साशंक होते. वर्षअखेर शस्त्रक्रियेचा गट पुढे होता. चौथ्या वर्षी फरक पुसट झाला आणि दहाव्या वर्षी उरलाच नाही.

तीनच वर्षांनी, १९८६ साली, अमेरिकेतील रिचर्ड डेयो आणि सहकाऱ्यांनी २०३ रुग्णांपैकी अर्ध्यांना दोन दिवस पडून राहायला सांगितले, अर्ध्यांना सात दिवस. बरे होण्यात फरक नाही. कामावरची गैरहजेरी मात्र दोन दिवसवाल्यांची ४५ टक्क्यांनी कमी. १९९५ साली हेलसिंकी महानगरपालिकेच्या १८६ कर्मचाऱ्यांवरील चाचणीने तर कहर केला. एका गटाला दोन दिवस पूर्ण विश्रांती, दुसऱ्याला पाठीचे व्यायाम, तिसऱ्याला फक्त एवढेच सांगितले की जमेल तितके रोजचे जगणे चालू ठेवा. सर्वांत लवकर सावरला तो तिसरा गट आणि सर्वांत हळू पहिला. तीव्र दुखण्याच्या पहिल्या दिवसांत कवायतीचा अट्टहासही नडतो, हे त्यातले दुर्लक्षिले गेलेले वाक्य. १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये १५ निरनिराळ्या व्याधींवरील ३९ चाचण्यांचा एकत्रित आढावा आला, अंथरुणाने लक्षणीय फायदा एकाही व्याधीत आढळला नाही.

‘पण एमआरआयमध्ये तर गादी स्पष्ट सरकलेली दिसते!’ हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला. म्हणून १९९४ साली अमेरिकेत पाठ कधीच न दुखणाऱ्या ९८ जणांचे एमआरआय काढून पाहिले. निम्म्याहून अधिकांच्या, ५२ टक्क्यांच्या, किमान एका चकतीला फुगवटा होता. सर्व चकत्या निर्दोष असणारे केवळ ३६ टक्के. पुढे २०१५ साली अशा ३३ अभ्यासांतल्या ३,११० वेदनारहित माणसांचा लेखाजोखा मांडला गेला : चकतीची झीज विशीत ३७ टक्क्यांना, ऐंशीत ९६ टक्क्यांना. केस पिकावेत तशी चकती सुकते. शिवाय निसटलेला भाग शरीर पुष्कळदा आपणच हळूहळू शोषून घेते. ज्याच्या पायातली कळ, बधिरता आणि छायाचित्र एकाच नसेकडे बोट दाखवतात, त्याच्यासाठी एमआरआय अनमोल. नुसत्या कंबरदुखीत तो पुष्कळदा भीतीचे प्रमाणपत्र ठरतो.

मानेचा इतिहास लहान आणि तितकाच बोलका आहे. मोटारींच्या युगात मागून धडक बसून मानेला झटका बसणे हे नवे ‘रेल्वे स्पाइन’ झाले, आणि उपाय म्हणून गळ्यातला पट्टा आला. १९८६ साली डब्लिनमध्ये ६१ जखमींपैकी एका गटाला पट्टा आणि विश्रांती, दुसऱ्याला लवकरच सुरू केलेली हालचाल, अशी तुलना झाली. आठ आठवड्यांनी मान अधिक मोकळी होती ती हालचालवाल्यांची, आणि दुखणेही त्यांचेच कमी होते. १९९६ साली तर लिथुआनियातून चकित करणारी नोंद आली. तिथे अपघातविमा जवळजवळ नव्हता आणि अशा झटक्याने मान कायमची दुखते हा समजही नव्हता. धडक बसलेले २०२ चालक एक ते तीन वर्षांनी तपासले, तेव्हा मानदुखी असणारे ३५ टक्के निघाले. धडक न बसलेल्या सामान्य नागरिकांत ३३ टक्के. या अभ्यासावर आक्षेपही घेतले गेले. त्यातून रुग्ण ढोंगी ठरतात, असा अर्थ काढणे तर शुद्ध अन्याय. वेदना खरीच असते. परंतु तिचा मुक्काम किती, हे केवळ ऊतींवर ठरत नाही, भीती, अपेक्षा आणि भोवतालची व्यवस्था यांवरही ठरते.

हेच सूत्र ग्लासगोचे अस्थिशल्यविशारद गॉर्डन वॉडेल यांनी १९८७ साली एका गाजलेल्या निबंधात मांडले. कंबरदुखी मानवजातीला कायमच होती, पण कंबरदुखीने येणारे अपंगत्व ही आधुनिक साथ आहे आणि तिला वैद्यकाच्या आज्ञांनीच खतपाणी घातले, असा त्यांचा आरोप. आरोप करणारा स्वतः शल्यविशारद होता, म्हणून तो झोंबलाही आणि ऐकलाही गेला. विश्रांतीऐवजी सक्रिय पुनर्वसन हे त्यांचे उत्तर.

उत्तराची कसोटी ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्याने पाहिली. कामगारांच्या नुकसानभरपाईचा खर्च डोईजड झाल्यावर तिथल्या प्राधिकरणाने १९९७ पासून दूरचित्रवाणीवर जाहिरातींचा सपाटा लावला : पाठदुखीपुढे आडवे होऊ नका. डॉक्टर, खेळाडू, कलावंत पडद्यावर येऊन सांगत की चालते-फिरते राहा, कामावर राहा. शेजारच्या न्यू साउथ वेल्समध्ये अशी मोहीम नव्हती, त्यामुळे तुलना आपोआप झाली. व्हिक्टोरियात लोकांचे समज बदलले, डॉक्टरांचेही बदलले, आणि पाठीच्या दाव्यांची संख्या १५ टक्क्यांहून अधिक घटली. औषध नवे नव्हते, यंत्र नवे नव्हते. बदलले होते ते एक वाक्य.

मग शस्त्रक्रियेचे काय? ती खलनायक नाही. लघवी-शौचावरचा ताबा सुटणे, जांघेत-बैठकीच्या भागात बधिरता, पायातली शक्ती वाढत्या गतीने जाणे, ही तातडीच्या शस्त्रक्रियेची लक्षणे आहेत आणि तिथे घरगुती प्रयोग म्हणजे आयुष्यभराचे नुकसान. ताप, अकारण घटणारे वजन, पूर्वीचा कर्करोग अशा खुणा असल्या तरी लगेच तपासणी हवी. हिल्टन यांच्या काळातला मणक्याचा क्षय भारतात अजून संपलेला नाही. हट्टी सायटिकेतही तिला जागा आहे. नेदरलँड्समधील २८३ रुग्णांच्या २००७ सालच्या चाचणीत लवकर शस्त्रक्रिया झालेल्यांची कळ लवकर गेली; वर्षअखेर मात्र दोन्ही गटांत ९५ टक्के लोक बरे झाल्याचे सांगत होते, आणि थांबलेल्यांपैकी ३९ टक्क्यांनाच त्या वर्षात शस्त्रक्रिया लागली. जुनाट कंबरदुखीसाठी मणके जोडण्याच्या शस्त्रक्रियेचा पाया मात्र बराच भुसभुशीत निघाला. ब्रिटनमध्ये ३४९ रुग्णांत तिची तुलना सुमारे ७५ तासांच्या व्यायाम व मानसोपचारयुक्त पुनर्वसनाशी केली गेली (२००५). दोन्ही गट सुधारले आणि फरक अगदी थोडा उरला.

या इतिहासात पुण्याचेही एक पान आहे. १९३७ साली पुण्यात आलेले बी. के. एस. अय्यंगार लहानपणी सतत आजारी असलेले, अशक्त शरीराचे. कदाचित म्हणूनच, आसन शरीराला जमत नसेल तर शरीराला दोष न देता आधार द्यायचा, हा त्यांचा बाणा. भिंतीतले दोर, पट्टे, लाकडी ठोकळे, लोड, खुर्च्या अशा साधनांनी त्यांनी ताठर पाठीच्या माणसालाही आसनात आणले. १९७५ साली स्थापन झालेल्या त्यांच्या संस्थेत व्याधिग्रस्तांसाठी वेगळे वर्ग चालत आले. या परंपरेची परीक्षा इंग्लंडमध्ये झाली. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ३१३ जुनाट कंबरदुखीच्या रुग्णांपैकी अर्ध्यांना तीन महिन्यांत बारा योगवर्ग दिले. शिकवणाऱ्यांत अय्यंगार पद्धतीचे शिक्षक होते. वर्षभरानंतरही योगगटाची रोजची कामे करण्याची क्षमता इतरांपेक्षा चांगली होती. वेदनेच्या मापात मात्र दोन गटांत ठोस फरक आढळला नाही. हा निकाल फसला असे अनेकांना वाटले. वास्तविक फोर्डाइस आणि वॉडेल जे सांगत होते ते हेच : कळ तेवढीच असतानाही माणूस वाकू शकतो, जिना चढू शकतो, नातवाला उचलू शकतो.

अमेरिकेच्या वैद्यक महाविद्यालयाने २०१७ सालच्या मार्गदर्शिकेत जुनाट कंबरदुखीसाठी व्यायाम, योग, ताय-ची, बहुशाखीय पुनर्वसन, मनाचे प्रशिक्षण यांना औषधांच्या आधी स्थान दिले. डिसेंबर २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने याच विषयावर आपली पहिली मार्गदर्शिका काढली. जगात २०२० साली कंबरदुखी असलेल्यांची संख्या ६१.९ कोटी अंदाजली गेली होती. काय करावे याच्या यादीत शिक्षण, व्यायाम, मानसोपचार आहेत. नेहमीसाठी काय वापरू नये याच्या यादीत कमरेचा पट्टा आहे, अफूजन्य वेदनाशामके आहेत, आणि हिपॉक्रेटिसच्या फळीपासून चालत आलेले ते ताण देणेही आहे.